देवाला 'जाणणे' की 'ओळखणे'?

अनुवादी: नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीसाठी (चर्चसाठी) इंग्रजी प्रवचन मराठीत आणते आहे. मुद्दा असा की देवाविषयी माहिती असणं वेगळं आणि 'नोइंग गॉड' वेगळं. मी 'देवाला जाणणे' लिहिलं, पाळकांनी ते खोडून 'ओळखणे' केलं. मला 'ओळख' फार पातळ वाटते. बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या माणसाशीही ओळख असतेच. पुढे 'पर्सनल रिलेशनशिप' आहे, तिथे 'वैयक्तिक संबंध' लिहायला हात धजत नाही. काय करू?

धातुवेडा: 'जाणणे' सोडू नका. ते 'ज्ञा'वरून आलं, आणि नव्या कराराच्या ग्रीकमधलं 'गिनोस्को' (जाणणे) हेही त्याच कुळातलं. इतका सख्खा शब्द घरात असताना दुसरा कशाला?

उपासक: कूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही, दादा. 'ज्ञान'ही त्याच कुळातलं, आणि इथे तर ज्ञानापासूनच वेगळं काढायचंय. योहान १७:३ ला मराठी बायबलात 'ओळखावे' आहे. मत्तय ७:२३ ला प्रभू म्हणतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. कोणाला म्हणतो? त्याच्या नावाने संदेश देणाऱ्यांना, भुतं काढणाऱ्यांना! माहितीत ते कुठे कमी होते? तिथे 'ओळख' मुळीच पातळ लागत नाही.

वसईची: आम्ही कॅथलिक. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा, सात संस्कार, सगळं घडाघडा म्हणायचो. आजीला त्यातलं निम्मंही येत नसे. पण रोझरीचे मणी ओढताना ती मध्येच थांबायची, अंगठा मण्यावर तसाच ठेवून मरियामातेला धाकट्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायची, आणि मग पुढचा मणी. तिच्या तोंडी 'जाणणे' नव्हतं, 'ओळखणे'ही नव्हतं. देव 'आपला' आहे, एवढंच म्हणायची.

केडगावकर: पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, आणि आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त नाही. १९०७ च्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या वाटचालीविषयीच्या लेखनात, त्यांनी ते उघड लिहिलंय. संस्कृत शास्त्रं कोवळ्या वयात मुखोद्गत केलेली ही बाई, पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी! ज्ञानाची वाण नव्हतीच. म्हणून मी म्हणेन, 'देव सापडणे' लिहा.

धातुवेडा: ती साक्ष इंग्रजीत आहे. तिथलं क्रियापद मराठीला प्रमाण कसं मानायचं? आणि 'पर्सनल रिलेशनशिप' हे शब्द बायबलात नाहीतच, अलीकडच्या इव्हँजेलिकल बोलण्यातून आलेत. 'नातं' लिहा, 'वैयक्तिक' गाळा.

उपासक: 'रिलेशनशिप'च्या जागी आमच्याकडे 'सहभागिता' हा शब्द रुळलेला आहे.

वसईची: उपासनेत रुळला असेल. घरात कोण बोलतं?

ओवीवाला: आपल्याकडे शब्दांचा काय दुष्काळ पडलाय का? फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओव्यांत रचलं, १६१६ मध्ये ते छापूनही आलं. रेव्हरंड टिळक तर सांगायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. विठ्ठलाशी भांडणारे, रुसणारे तुकोबा जे जगले तेच तर 'नोइंग'! सखा, सोयरा, माउली यांतलं काहीही घ्या.

उपासक: इतकं सोपं नाही ते. नगरकडच्या मंडळ्यांत अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांच्या पणज्याला देवळाची पायरी चढू दिली नव्हती. विठ्ठलाची भाषा त्यांना आपोआप आपली वाटेल, हे कोण ठरवणार? तुम्ही की मी?

ओवीवाला: चोखोबांनाही आत घेतलं नव्हतं. तरी अभंग त्यांचेच आहेत, त्यांच्या पत्नीचेही. आणि तिचं नाव सोयराबाई.

केडगावकर: सोयराबाईंचे अभंग मुद्दाम वाचा, अनुवादीताई. देवाला थेट जाब विचारतात.

धातुवेडा: 'सोयरा' मला 'सहोदर'वरून आलेला वाटतो, म्हणजे एका पोटचा. मग तर 'रिलेशनशिप'ला चपखल.

उपासक: आमच्याकडे भाऊ कधी सोयरा नसतो. तो भावकीतला. सोयरा म्हणजे लग्नानं जोडलेला, मुलगी दिली-घेतली तिथला. मंडळीत 'देव माझा सोयरा' म्हटलंत तर म्हातारी माणसं आधी विचारतील, कोणाकडून?

वसईची: आमच्याकडे दोन्ही चालतं.