"पुढे खून झालाय आजी, दागिने काढून ठेवा": तुमच्या घरातल्या थकल्या माणसांचे अनुभव

वेणू_परभणी
सकाळी पोलिसांची गाडी गल्लीतून भोंगा लावून गेली. पोलीस आहोत म्हणून कुणी दागिने काढायला लावलं तर काढू नका, म्हणे. मेथी निवडता निवडता आत्याबाईच आठवल्या. वसमत रोडला देवळातून येताना त्यांना दोघांनी अडवलं. पुढं खून झालाय, तपासणी चालू आहे. तेवढ्यात एक वाटसरू आला, त्यानं मुकाट्यानं स्वतःची चेन काढून त्यांच्या हातात दिली. ते बघून आत्यांनी बोरमाळ अन् पाटल्या काढल्या. "मी नीट बांधून देतो, आई" म्हणत त्यानं रुमालाला अशी गाठ मारली की घरी विळीनं कापावी लागली. आत खडे अन् पितळी बांगड्या. सोनं गेल्याचं त्या आता बोलत नाहीत, "मेल्यानं मला आई म्हणलं" यावर मात्र अजून धुमसतात.
तुमच्याकडचं लिहा. कुठल्या सोयीचा खरंच उपयोग झाला तेही.

मोंढ्यातला_मुनीम
तो वाटसरू त्यांचाच असतो ताई. आमच्या मावशीनं "ठाण्यातच काढते, चल ने गाडीवर" म्हणल्याबरोबर गडी पसार!

साधा_माणूस_नांदेड
आता रस्त्यावर यायचीही गरज नाही, फोनवरच अटक करायलेत. अण्णांना व्हिडिओ कॉल आला, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. अण्णा म्हणले, "मोतीबिंदू झालाय, काही दिसत नाही, तुम्हीच घरी या." 😂
कायद्यात असली अटकच नाही. अन् पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. पुढच्या खात्यातून काढायच्या आत रक्कम गोठवता येते, म्हणून घाई.

वेणू_परभणी
अण्णांना दंडवत सांगा 🙏

औशाची_लेक
आमचं दुखणं वेगळंच. सगळे सांगतात रात्री कडी लावून घ्या, आजी लावतच नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडं भिंत खचून चौकट दबली, दार उघडेना. मामांनी बाहेरून पहारीनं उचकटलं. तेव्हापासून कडी म्हणलं की तिला धाप लागते. एकटी राहते, मग करायचं काय? शेवटी बाहेरून जाळीचा दरवाजा केला, त्याला कुलूप, अन् किल्ली तिच्या उशीच्या अभ्र्याला नाडीनं बांधलेली. आतलं लाकडी दार उघडंच. एक किल्ली शेजारच्या काकूंकडं. आता झोपते बिचारी.

गोदाकाठ
वाचून काटा आला. आमच्याकडंही कितीतरी वर्षं बाजा अंगणातच होत्या.

लालपरी_फॅन
सोयींचं विचारताय तर एसटी! ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढं तिकीटच नाही, 65 ते 75 ला अर्धं. आमचे दादा आता घरी सापडत नाहीत. मागच्या आठवड्यात तुळजापूर, परवा माहूर. फक्त मूळ आधार कार्ड गळ्यात अडकवून हिंडू नका म्हणावं.

बीडची_सूनबाई
माझ्या सासूबाई 64. जन्मतारीख बदलून मिळते का विचारायल्यात 😄

लालपरी_फॅन
कशाला? बायकांना मार्च 2023 पासून अर्धंच आहे की.

बीडची_सूनबाई
हाव की! कुठं निघाल्या कुणास ठाऊक.

वकीलबाई
घाईत लिहितेय, तारखेला जायचंय. म्हातारपणी शेत पोराच्या नावानं बक्षीसपत्र करून देत असाल तर "मला सांभाळायचं" ही अट त्यातच लिहा. 2007 च्या कायद्यानं, सांभाळलं नाही तर ते रद्द करून मागता येतं. पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडं, महिन्याला 10,000 पर्यंत. तोंडी वचनावर सातबारा देऊ नका, कृपा करून.

कापूसवाला
आईचे अंगठ्याचे ठसेच उठत नाहीत. जन्मभर वेचणी केली, बोटं गुळगुळीत. श्रावणबाळच्या पैशासाठी मशीनवर अंगठा दाबून दाबून रडकुंडीला आली. केंद्रावरचा पोरगा म्हणतो "आजी, हात धुऊन या". किती धुणार?

साधा_माणूस_नांदेड
डोळ्याचं मशीन आहे का विचारा दुसऱ्या केंद्रावर. अण्णांचा पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून निघाला. मोतीबिंदूसकट.

पुण्यात_अडकलेला
आई अंबाजोगाईत एकटी. 14567 हा ज्येष्ठांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवलाय. सकाळी 8 ते रात्री 8, पैसे लागत नाहीत. योजनांची माहिती, त्रास होत असेल तर मदत, नुसतं बोलायलाही चालतं. दवाखान्याचं काम मात्र 108 चंच, अन् चोराचिलटाचं 112. आई म्हणते नंबर लिहिण्यापेक्षा तूच फोन कर.

वेणू_परभणी
मग करा की हो!

जालन्याचा_जावई
विषय सोडून विचारतो, जालन्यात घरपोच डबा देणारं कुणी आहे का? सासरे एकटेच आहेत, बिनतिखटाचं लागतं.

मोंढ्यातला_मुनीम
मराठवाड्यात बिनतिखट? सासऱ्यांना पुण्यालाच न्या.

औशाची_लेक
माझी चुलत बहीण तिथंच देते, वरण-भात वेगळं करून. निरोप पाठवते, बघा.