पोस्टेकोग्लू: फुल-बॅक ते प्रशिक्षक

प्रश्न: ऑस्ट्रेलियन फुटबॉल प्रशिक्षक अँजी पोस्टेकोग्लू खेळाडू म्हणून कसे होते? आणि त्यांच्या संघांवर इतके गोल का होतात?

प्रतिसाद १: ऑस्ट्रेलियातल्या साउथ मेलबर्न क्लबचे डावे फुल-बॅक (म्हणजे कडेचे बचावपटू), कर्णधारही. ऑस्ट्रेलियाकडून मोजकेच सामने. गुडघ्याच्या दुखापतीने २७व्या वर्षी खेळणं थांबवलं. क्लबात प्रशिक्षक होते साक्षात पुश्काश, हंगेरीचे महान फुटबॉलपटू. आक्रमणाचं वेड तिथलंच.

प्रतिसाद २: गोलांचं म्हणाल तर, टॉटनहॅम या इंग्लिश क्लबमध्ये ते प्रशिक्षक असताना चेंडू आपल्याकडे असला की दोन्ही फुल-बॅक आत मिडफिल्डमध्ये सरकायचे, बचावफळी पार मध्यरेषेजवळ. चेंडू गेला की कडेच्या पट्ट्या मोकळ्या. पुढच्यांनी तत्काळ दाब दिला नाही, तर एक लांब पास पुरे. त्यात वेगवान सेंटर-बॅक (मधला बचावपटू) जखमी असला की झालंच कल्याण!

प्रतिसाद ३: तरी चेंडू ताब्यात ठेवण्याच्या याच हट्टावर त्यांचा ऑस्ट्रेलियन क्लब ब्रिस्बेन रोअर लीगमध्ये सलग ३६ सामने अपराजित राहिला. ऑस्ट्रेलियाला जिंकून दिलेला २०१५चा आशिया कप वेगळाच.