फाल्गुन-चैत्रातली सायकल सफर : कोल्हापूरच्या आसपासचे तुमचे अनुभव लिहा

थंडी सरलेली असते, ऊन अजून अंगावर येत नाही, असे थोडेच आठवडे आपल्याला मिळतात. शिमग्यापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत धरा. आंब्याला मोहोर, बांधावर पळस पेटलेला आणि सकाळी सातपर्यंत हवेत गारवा. या धाग्यात किती किलोमीटर मारले, सरासरी वेग काय, हे नको. थांबत, खात, कुणाच्या तरी अंगणात टेकत केलेली सफर लिहा. रस्ता जरूर सांगा, म्हणजे बाकीच्यांना जाता येईल.

सुरुवात मी करते. माझी आवडती वाट अगदी घराजवळची आहे. कसबा बावड्यातून पंचगंगेवरचा राजाराम बंधारा ओलांडायचा, वडणग्यावरून प्रयाग चिखलीला जायचं आणि शिवाजी पुलावरून परत गावात. सगळी सपाटी. गिअरची सायकल नसली तरी चालतं.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे राज्यभर बांधले गेले, पण आपल्यापैकी कितीजण त्यावर निवांत उभे राहिलेत? पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात आणि पाणी अडवतात. पुढच्या पावसाआधी ते काढले की पूर मोकळा वाहून जातो. म्हणून या दिवसांत वरच्या अंगाला पंचगंगा काठोकाठ असते आणि खालच्या अंगाला खडक उघडे. बरग्यांच्या फटींतून पाण्याचे पातळ पडदे सुटतात, त्यांच्यावर खंड्या टपून बसलेला असतो. बंधारा अरुंद आहे, मी सायकल हातात धरूनच जाते.

पलीकडे उसाच्या फडांतून जाताना गोड धुराचा वास आला की वळायचं. गुऱ्हाळं आता थोडी उरलीत आणि मार्चनंतर तीही थंडावतात, तेव्हा उशीर करू नका. यंदा एका गुऱ्हाळावर आम्हाला अख्खी काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरेपर्यंत बसू दिलं. चुलवाणात चिपाडाचा जाळ, रसात भेंडीचं पाणी सोडलं की वर येणारी मळी, ती काढून काढून रस सोनेरी होत जातो. शेवटी गुळव्या पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांत गोळी वळून बघतो. ती गोळी जमली की एकदम धावपळ, काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात रिकामी! मावशींनी आम्हाला गरम काकवी वाटीतून दिली, वर शेंगदाणे. प्रयागच्या संगमावर पोचेपर्यंत बोटं चिकट होती. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती इथे एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. घाटाच्या पायऱ्यांवर सावलीत तासभर सहज जातो.

एक प्रतिसाद, शाहूपुरीतून

ताई, मस्त धागा. गुऱ्हाळाचं वाचून लगेच निघावंसं वाटलं. आम्ही पोरं पन्हाळ्याला जातो. वाघबीळपासून चढ लागतो तो थेट गडावर. लई घाम निघतो, पण मधे थांबायला कुणाची ना नाही. वर तीन दरवाजात बसून पिठलं-भाकरी, ठेचा आणि दही. रविवार सोडून जावा, गाड्यांची गर्दी असते. आणि जोतिबाचा खेटा (पायी दर्शनाला जायचा रविवार) किंवा यात्रा असेल तर केर्लीच्या बाजूला सायकल घालूच नका. त्या दिवशी तो रस्ता सासनकाठ्यांचा, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्यांचा, आणि चालत जाणाऱ्यांचा.

जयसिंगपूरहून

आमच्या शिरोळकडे चढ नावाला नाही, म्हणून वडिलांना घेऊन जाता आलं. सत्तरी ओलांडलेले आहेत, जुनी काळी सायकल, तीच चालवायची हा त्यांचा हट्ट. नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दर्शन, कवठाची बर्फी बांधून घेतली, कुरुंदवाडमार्गे दुपारच्या आत खिद्रापूर.

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या, म्हणजे महादेवाच्या, देवळाबाहेर नंदी शोधत बसू नका, तो इथे नाहीच. गावकरी सांगतात, तो नदीपलीकडे यडूरला आहे. स्वर्गमंडपात गेलात की मधल्या गोल शिळेवर उभं राहून वर बघा. छताला तेवढंच गोल मोकळं आभाळ. वडील शिळेवर बराच वेळ मान वर करून उभे होते, मग एकेका खांबाला हात लावत मंडपाला फेरी मारली. बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती त्यांनी मोजायला घेतले, शेवटी मीच जेवायला ओढून नेलं. कृष्णाकाठची वांगी, ज्वारीची भाकरी. मुक्काम नृसिंहवाडीत केला. एका दिवसात जाऊन-येऊन करण्याची जागाच नाही ही.

हातकणंगल्याहून, थोडक्यात

साखर कारखाने चालू असतात तोवर पहाटे अंधारात निघू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. उजाडल्यावर निघा.

राधानगरी तालुक्यातून

इकडे या की. भोगावतीच्या काठाने रस्ता फेजिवड्यापर्यंत येतो. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, त्या काळात केवढी दूरदृष्टी! धरणाच्या लक्ष्मी तलावाच्या काठाला मार्च अखेरपर्यंत करवंदीची पांढरी फुलं असतात, आणि जंगलाच्या कडेला अंजनी बहरली तर फांद्याच निळ्या दिसतात. करवंदं खायची असतील तर एप्रिलच्या शेवटी परत यावं लागेल.

शाहूपुरीतून, पुन्हा

दादा, दाजीपूरपर्यंत सायकलने येता येतं का? गव्यांची भीती वाटते.

राधानगरी तालुक्यातून

हमरस्त्याने येता येतं. दाजीपूरच्या अभयारण्याच्या आत जायचं असेल तर आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा. ऊन उतरायच्या आत मुक्कामी पोचा, संध्याकाळी गवे पाण्यावर येतात. समोर दिसलाच तर लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही. तो रस्ता ओलांडून गेला तरी थोडं थांबा, कळपातले बाकीचे मागून येत असतात. येण्याआधी इथे लिहा, आमच्या वाडीत जेवणाची सोय करतो.