विंडोज आणि गेम्स एसएसडीवर कसे हलवावेत?

प्रश्न: १ टीबी हार्ड डिस्कवर सी ड्राइव्हमध्ये विंडोज १० (१८० जीबी वापरात), डी ड्राइव्हमध्ये ४०० जीबी स्टीम (ऑनलाइन गेम-स्टोअर) गेम्स. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) आणली आहे. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करू की नव्याने इन्स्टॉल?

उत्तर १: क्लोन करा, पण फक्त बूट पार्टिशन (ज्यातून विंडोज सुरू होतं तो विभाग), रिकव्हरी आणि सी. विंडोजला ५०० ऐवजी ४६५ जीबीच दिसतील, सगळं मावणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी बंद करा. पहिल्या बूटला जुन्या डिस्कची केबल काढाच. नाहीतर मशीन जुन्याच विंडोजवर सुरू होतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. गेम्स नंतर हलवा: स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज, एसएसडीवर नवी लायब्ररी, गेम निवडून मूव्ह. फोल्डर हाताने कॉपी करत बसू नका. ५०-६० जीबी मोकळे ठेवा, भरत आलेली एसएसडी लिहिताना मंदावते.

उत्तर २: त्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल बघा. एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) फक्त साटाचा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असेल तर एनव्हीएमई दिसणारच नाही. काही बोर्डांवर स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) आहे का?

प्रश्नकर्ता: हो, एमबीआर. क्लोन झाला, पण निळा स्क्रीन: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

उत्तर २: एनव्हीएमईवरून बूट व्हायला सहसा यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) लागतं. बॅकअप घ्या, जुन्या डिस्कवरून बूट करून तिच्यावर विंडोजचं 'एमबीआरटूजीपीटी' हे टूल चालवा (आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट) आणि बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा. मग एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या बूट सेटिंग्ज) सेफ बूट लावून पुन्हा क्लोन करा आणि एसएसडीवरून बूट करा. सेफ मोडमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर लोड होतो. मग सेफ बूट काढा.