बालशिबिरात मोझॅक: कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,
यंदा बालशिबिरात मोझॅक, म्हणजे फरशीचे तुकडे जुळवून चित्र, ठेवावं म्हणतोय. मुलांना फरशा कापणं झेपेल का?
— बालविभाग

बालविभागाच्या ताई,
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, लेक दर उन्हाळ्यात ज्यू कॅम्पला जाते. यंदा मीही आठवडाभर मदतीला गेले आणि पाहुण्या आलेल्या मोझॅकवाल्या बाईंच्या हाताखाली लागले.

त्यांनी आधी इस्राएलमधल्या बेत अल्फाच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, जमिनीचे फोटो दाखवले. सहाव्या शतकातलं काम, १९२८ साली किबुत्झवाले, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतीवस्तीतली माणसं, पाण्याचा पाट खणताना सापडलेलं. मधोमध राशिचक्र, भोवती डोळे वटारलेली माणसं. पोरं खिदळली, "हे तर आम्हीपण काढू!" कारागीर बापलेकांची नावंही तिथे आहेत, मारियानोस आणि हनीना. मग काय, सगळ्यांनाच आपलं नाव हवं! शेवटी आद्याक्षरांवर मिटलं.

आम्ही डाळिंब केलं, तोरा या आमच्या धर्मग्रंथातल्या सात पिकांतलं. कापायचं काम मोठ्या मुलांचं, चष्मा लावून. पकडीनं फरशीची फक्त कड धरायची नि दाबायचं, ती आपोआप फुटते. लहानांनी नुसतं चिकटवायचं. खाली चित्र, त्यावर पातळ प्लॅस्टिक, त्यावर जाळी. एका टेबलावर प्लॅस्टिक घालायला मीच विसरले. जाळीला चिकटलेला कागद रात्री अकरापर्यंत नखांनी खरवडत बसले होते.

खरी धावपळ शुक्रवारी. सूर्य बुडला की शब्बाथ, म्हणजे काम बंद. ग्राउट, म्हणजे फरश्यांमधल्या फटी बुजवायचा लगदा, भरलं की वीसेक मिनिटांनी ओल्या स्पंजनं पुसावं लागतं, राहिलं तर पांढरा थर घट्ट बसतो. शेवटचा हात फिरवला तेव्हा मेणबत्त्या लावायची वेळ झालीच होती. शनिवारभर पोरं चादरीखाली डोकावत होती, हात लावायची मात्र टाप नाही.

कॅम्पवाल्या ताई, छान लिहिलंत! आमच्या दादरच्या गच्चीवर फुटक्या फरश्यांचा चायना मोझॅक होता, पांढराशुभ्र. भर दुपारीही पाय भाजायचे नाहीत. घरी फुटलेल्या कपबश्या चालतील का?
— एक आजोबा

आजोबा, चालतील. कडा मात्र आधी घासून घ्या, पोरांची बोटं कापतात. आणि खजिनदारांसाठी: ग्राउटचं पाणी हॉलच्या सिंकमध्ये ओतू देऊ नका, बादलीत निवळू द्या. पाइप तुंबला तर हॉलचं डिपॉझिट गेलंच.
— कॅम्पवाली ताई