मदत हवी आहे: किडनी प्रत्यारोपणानंतर क्षयरोग, टॅक्रोलिमस आणि रिफॅम्पिसिन एकत्र चालवण्याचा अनुभव कोणाला आहे का?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईने किडनी दिली. प्रत्यारोपण २०२१ मध्ये पुण्यात झाले आणि तेव्हापासून शरीराने नवी किडनी नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट मोफेटिल आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ही तिन्ही औषधे तो वेळ न चुकवता घेत आहे. क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३ वर स्थिर आहे, टॅक्रोलिमसची रक्तातली शेवटची पातळी ६.४ आली होती. अलीकडे त्याच्या मानेत गाठ आली, सुईने तपासणी झाली आणि क्षयरोगाचे निदान पक्के झाले. उपचार लवकरच सुरू करायचे आहेत, आणि नेमका तिथेच पेच आहे.

क्षयाच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन असते. यकृतात आणि आतड्यात टॅक्रोलिमसचा निचरा करणारे जे विकर (एन्झाइम) आहे, ते रिफॅम्पिसिनमुळे फार जोमाने काम करू लागते, त्यामुळे नेहमीचा डोस चालू असूनही रक्तातली पातळी कोसळते आणि शरीर किडनी नाकारण्याचा धोका निर्माण होतो. ही पातळी टिकवायला डोस दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक करावा लागतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. शिवाय रिफॅम्पिसिनमुळे मायकोफेनोलेटचा आणि प्रेडनिसोलोनचा प्रभावही घटतो, म्हणजे किडनी सांभाळणारी तिन्ही औषधे एकाच वेळी कमी पडू शकतात. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, कारण चर्चा बहुतेक वेळा फक्त टॅक्रोलिमसचीच होते.

दुसरा पर्याय म्हणजे रिफॅम्पिसिन वगळून लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध घालणे, किंवा रिफॅम्पिसिनऐवजी त्याच गटातले रिफाब्युटिन देणे, ज्याचा टॅक्रोलिमसवरचा परिणाम तुलनेने सौम्य असतो. परंतु रिफॅम्पिसिन नसलेला उपचार अधिक महिने चालवावा लागतो. लिव्होफ्लॉक्सासिनने स्नायुबंधांना इजा होऊ शकते आणि सोबत स्टेरॉइड असेल तर ती शक्यता वाढते; माझा भाऊ दिवसभर शेतात उभा असतो, त्यामुळे ही बाब आमच्यासाठी किरकोळ नाही. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की, सरकारी केंद्रात मिळणाऱ्या एकत्रित गोळीत रिफॅम्पिसिन आधीच मिसळलेले असते. ते वगळायचे असेल तर बाकीची औषधे सुटी घ्यावी लागतात. सुट्या औषधांवर उपचार घेतलेले कोणी बेळगाव किंवा निपाणी भागात असल्यास, ती कशी मिळवली हे कृपया सांगावे.

माझा मुख्य प्रश्न पातळीच्या तपासणीचा आहे. रक्त सकाळचा डोस घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी द्यावे लागते. भाऊ सकाळी नऊ आणि रात्री नऊला गोळी घेतो, त्यामुळे गोळीची डबी खिशात ठेवून तो पहाटेच्या बसने बेळगावला जातो, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त देतो आणि तिथेच गोळी घेतो. नमुना पुढे बाहेरगावी जातो आणि अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. रिफॅम्पिसिनचा परिणाम काही दिवसांत चढत जाऊन साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो, म्हणून त्या काळात आठवड्यातून दोनदा तपासणी पुरेशी पडते का? पावसाळ्यात आमच्याकडची वाहतूक अनेकदा बंद पडते. अशा वेळी अहवाल हाती येईपर्यंत डोस कोणत्या आधारावर ठरवला जात होता, हे अनुभवींनी लिहावे.

उपचार संपतानाचा टप्पा मला सुरुवातीइतकाच नाजूक वाटतो. रिफॅम्पिसिन बंद केल्यावर त्याचा प्रभाव साधारण दोन आठवड्यांत ओसरतो आणि तोवर वाढवलेला डोस तसाच राहिला, तर टॅक्रोलिमसची पातळी वर जाऊन हात थरथरणे, साखर वाढणे आणि किडनीलाच इजा होणे, हे सारे संभवते. तुमच्याकडे डोस किती टप्प्यांत उतरवला गेला?

मधल्या काळात इतर औषधांचीही भर पडेलच. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल घेतल्यास मायकोफेनोलेट मोफेटिलचे शोषण घटते, दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किडनीला चालत नाही, आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिल्यास टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढते. परसातले पपनसही आम्ही त्याला देत नाही, कारण तेही पातळी वाढवते. ही यादी मी औषध दुकानदाराला आणि गावच्या डॉक्टरांना लिहून दिली आहे. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), डिल्टियाझेम (रक्तदाबाचे औषध) आणि फेनिटॉइन (फिट्सचे औषध) यांच्याखेरीज आणखी काय असायला हवे?

कोणतीही गोळी आम्ही स्वतःच्या मनाने सुरू, बंद किंवा कमी-जास्त करणार नाही. पुण्याच्या डॉक्टरांशी शुक्रवारी फोनवर बोलणे ठरले आहे आणि क्षयरोगाचे उपचार करणारे डॉक्टरही त्या वेळी सोबत असावेत यासाठी मी प्रयत्न करत आहे. त्यांना काय विचारायचे राहून गेले आहे असे वाटत असेल, तर त्याआधी कृपया कळवावे.