पिंग जाते, पण पान उघडत नाही

जुनाखोका:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, जुन्या संगणकावर लिनक्स घालून त्याचा राउटर करणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्याच्याकडे पिंग (जोडणी तपासणारे छोटे पॅकेट) व्यवस्थित जात असूनही बँकेचे पान उघडेना आणि बाजारातला राउटर लावताच सारे सुरळीत झाले. हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. पीपीपीओई जोडणीत (सेवादात्याकडे नाव आणि संकेतशब्द देऊन जोडण्याची पद्धत) प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खर्च होतात, त्यामुळे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० ऐवजी १४९२ बाइट उरतो, पण घरातले संगणक १५०० चाच हिशेब धरून चालतात. बाजारातले बहुतेक राउटर टीसीपीचा एमएसएस (शीर्षके वगळून एका पॅकेटमधील मजकुराची कमाल लांबी) स्वतःहून १४५२ वर आणतात. लिनक्समध्ये आयपीटेबल्स या फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांत) हे करणारा नियम आपण लिहावा लागतो. विखंडन (पॅकेटचे तुकडे करणे) बंद ठेवून १४६४ बाइटांचे पिंग (शीर्षकांचे २८ बाइट धरून १४९२) गेले आणि १४६५ चे अडले, की निदान झाले.

रात्रपाळी:
तो सदस्य मीच. मुलीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर असताना मी तीन रात्री त्या खोक्यासमोर बसलो होतो, तेव्हा अपव्यय हा शब्द मी मागे घेणार नाही. शिवाय आपली चाचणी अपुरी आहे. १४६५ चे पिंग निर्दोष पीपीपीओई जोडणीतही अडेलच. त्यातून एमटीयू कळतो, बिघाड नव्हे.

कोकणवारा:
आपण दोघेही खऱ्या दोषींना मोकळे सोडत आहात. वाटेतल्या राउटरचा ‘पॅकेट मोठे आहे’ हा आयसीएमपी निरोप (आयसीएमपी म्हणजे जोडणीतल्या अडचणी कळवणारी व्यवस्था) सर्व्हरपर्यंत पोहोचला, तर सर्व्हर पॅकेट लहान करतो. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेली आहे. सुरक्षेच्या नावाखाली सगळा आयसीएमपी बंद करणारे प्रशासक हा निरोपच गिळतात. आमच्या कार्यालयात याच एका नियमासाठी मी दोन दिवस भांडलो आहे.

तटबंदी:
मी फायरवॉल सांभाळतो आणि हा आरोप मला लागतो. खोटे रीडायरेक्ट, म्हणजे ‘दुसऱ्या वाटेने पाठवा’ असे आयसीएमपी निरोप, पाठवून वाहतूक वळवता येते. रात्री दोन वाजता त्याचा जाब आम्हाला विचारला जातो, आपल्याला नव्हे.

कोकणवारा:
रीडायरेक्ट म्हणजे टाइप ५. तो खुशाल बंद करा. ‘पॅकेट मोठे आहे’ सांगणाऱ्या टाइप ३ कोड ४ ने आपले काय बिघडवले? आयपीव्ही६ या इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीत तर वाटेतले राउटर विखंडन करतच नाहीत, तेथे हा निरोप अडवणे म्हणजे जोडणीच तोडणे.

तटबंदी:
टाइप ३ कोड ४ खुला हवा, एवढे मान्य. सरसकट आयसीएमपी मी उघडणार नाही.

जुनाखोका:
रात्रपाळी, चाचणीबद्दलचा आपला आक्षेप बरोबर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पीपीपी० वर (राउटरच्या पीपीपीओई जोडणीवर) टीसीपीडंप हे पॅकेट टिपणारे साधन लावून पाहायला हवे होते: हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) पूर्ण होतो, विनंती जाते, तिची पोचही येते, पण मोठे उत्तर येतच नाही. ही खूण दिसली, तर एमएसएसचा नियम घालून एकदा पुन्हा पाहा.

रात्रपाळी:
परीक्षा आटोपल्यावर पाहीन. तोवर विकतचा राउटर जागचा हलणार नाही.